ग्विलची चौकशी

प्रितम तायडेला लोकांवर संशय घ्यायची हौस नव्हती. सवय होती. दोन्हींत फरक आहे असं तो स्वतःच सांगायचा.

सवय लागली ती सिडनीत आल्या आल्या. युनिव्हर्सिटीसाठी आला होता, पहिलंच शेअर हाउस. पुण्याकडच्या एका रूममेटने त्याला गरम पोहे वाढले आणि विचारलं, "तायडे म्हणजे कुठले रे?" अकोल्याचे. "ते झालंच रे, पण म्हणजे कोणते?" पोहे संपेपर्यंत प्रितमला कळलं होतं की उत्तर दिलं तरी पंचाईत, नाही दिलं तरी पंचाईत. पंधरा दिवसांत फ्रिजमधला त्याचा कप्पा वेगळा झाला. महिन्याभरात तोच वेगळा झाला. तेव्हापासून कोणी पहिल्या भेटीत गोड बोललं की त्याच्या मनात पाल चुकचुकायची.

आणि ग्विल तर फारच गोड बोलायचा.

ग्विलिम बेव्हन. वेल्सचा. वय बत्तीस, उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी, नाक दोनदा मोडून तिसऱ्यांदा अंदाजाने बसवलेलं. प्रोफेशनल फुटबॉलर. म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्यांतला नाही. इंग्लंडच्या चौथ्या-पाचव्या डिव्हिजनमध्ये अबरवेन टाउन नावाचा वेल्सचा एक क्लब, तिथे तो सेंटर बॅक होता, बचावफळीत मधोमध उभा राहून उंच बॉल डोक्याने परतवणारा. एकशे नव्वद मॅचेस, असं त्याचं म्हणणं. कोरोनाच्या ऐन आधी ऑस्ट्रेलियाला आला, इथल्या स्टेट लीगमधल्या रिज रोव्हर्सकडून खेळायला लागला, बॉर्डर बंद झाली आणि इथलाच झाला. दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये तो पेंडल हिलला, प्रितम राहायचा त्या करुणाताईच्या घरातली मागची रूम भाड्याने घेऊन राहायला आला. रूमवर नजर टाकून म्हणाला, "लव्हली." किचन बघून, "लव्हली." मोडका पंखा बघूनसुद्धा, "लव्हली, लव्ह."

"एवढं लव्हली काय आहे यात?" प्रितम ताईला मराठीत म्हणाला.

"गप रे. माणूस चांगला दिसतोय."

"चांगले दिसणारेच..."

"प्रित्या, तुला कोणी नमस्कार केला तरी तू हात मोजतोस."

करुणाताई त्याची मावसबहीण. अडतीस वर्षांची, ब्लॅकटाउनला एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, कामाला. घर तिच्या नावावर लीझ केलेलं, त्यामुळे शेवटचा शब्द तिचा. प्रितम एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. पहाटे जायचा, तीनला घरी. रविवारी संध्याकाळी दोघं लॅपटॉपसमोर बसून वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला झूमवर हजर राहायची. एरवी विहारात जायचं, यंदा म्यूट-अनम्यूटमध्येच अर्धा धम्म चालला होता.

ग्विल आला आणि आठवड्याभरात लॉकडाउन लागलं. आधी म्हणे दोन आठवडे. मग महिना. मग आपलाच एरिया जास्त बदनाम झाला, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. रस्त्यावर कोणी खोकलं तरी तीन पडदे हलायचे. अशा दिवसांत संशयाला खतपाणी लागत नाही, आपोआप फोफावतो.

ग्विलचं काय अडलेलं होतं ते त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. सीझन रद्द झाला होता. पण रोव्हर्सने त्याला पुढच्या वर्षासाठी प्लेयर आणि असिस्टंट कोच, दोन्ही म्हणून घेतो असं कबूल केलं होतं. कराराचा कागद सप्टेंबरमध्ये येणार होता. तो कागद आला तर क्लब व्हिसाचं बघणार. नाही आला तर कोविड व्हिसा संपला की बॅग भरायची. "बत्तीसच्या सेंटर बॅकला घरी कोणी घेत नाही, मेट," तो म्हणाला. "हा शेवटचा कागद आहे माझा."

प्रितमला हे ऐकून वाईट वाटलं. साधारण दोन दिवस.

मग गोलची भानगड झाली. ग्विलने आयुष्यात मोजून सात गोल मारले होते, त्यातला एक शेवटच्या मिनिटाला, कॉर्नरवर हेडरने. हा किस्सा त्याने पहिल्यांदा सांगितला तेव्हा धो धो पाऊस होता आणि मॅच दोन-एक. दहा दिवसांनी चहा पिताना सांगितला तेव्हा बर्फ पडत होता आणि एक-शून्य. तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा गोल याने मारलाच नव्हता, डाय नावाच्या दुसऱ्या कोणी मारला होता आणि हा नुसता मिठी मारायला पळाला होता.

"ताई, हा फेकतोय."

"फेकू दे की. तुझे बाबा नाही का सांगत, एकट्याने बिबट्या पळवला म्हणून?"

"बाबांचा बिबट्या दर वेळी बिबट्याच असतो!"

नेटवर शोधलं तर एका साइटवर ग्विलच्या नावापुढे बासष्ट मॅचेस. एकशे नव्वद कुठे आणि बासष्ट कुठे. आता प्रितम डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. एक्सरसाइजला दोघांना परवानगी होती म्हणून तो आणि ग्विल तीन गल्ल्या सोडून पार्कमध्ये बॉल घेऊन जायचे. ग्विलचा पाय बघण्यासारखा होता, पन्नास पावलांवरून बॉल प्रितमच्या बुटावर आणून ठेवायचा. पण हेडर? प्रितमने मुद्दाम उंच बॉल टाकला. ग्विलने हाताने पकडला. परत टाकला. परत पकडला.

"डोक्याने मार की!"

"नको मेट. आज नको."

रोजच आज नको. सेंटर बॅक आणि हेडर मारत नाही? म्हणजे हलवायाच्या दुकानात जिलबी नाही.

बरं, एवढंच असतं तर ठीक. हा माणूस घरात पडदे लावून गॉगल घालून बसायचा. त्याने प्रितमला कधी प्रितम म्हटलं नाही, ताईला कधी करुणा म्हटलं नाही. तो मेट, ती लव्ह. रोज संध्याकाळी सहाला गॅरेजमागे जाऊन फोनवर अर्धा तास वेल्शमध्ये बोलायचा.

"काय बोलत असेल?"

"आपण त्याच्यासमोर काय बोलतो ते त्याला कळतं का?" ताई म्हणाली. "फिट्टंफाट."

एकदा शिफ्टवरून येताना प्रितमने त्याला स्टेशनजवळ, इंडियन ग्रोसरीच्या दुकानासमोर बघितलं. हातात पिशव्या. दहा मिनिटं एकाच जागी. डावीकडे बघ, फोन बघ, उजवीकडे बघ. कोणाची तरी वाट बघत होता, पण कोणी आलं नाही. प्रितमने गाडी पुढे नेली आणि घरी येऊन फोनच्या नोट्समध्ये लिहिलं: तारीख, वेळ, स्टेशन, कोणाला भेटणार होता?

त्या नोटचे हळूहळू अकरा मुद्दे झाले.

"तुला एवढी शंका आहे तर चौकशी कर," एका रविवारी झूम बंद करताना ताई म्हणाली. ती कंटाळून म्हणाली होती. प्रितमने ते मनावर घेतलं.

चौकशीत ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीला, लीनाला, दुबईचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, फोटो क्रेनसमोरचा. ताईने मुलाला काही विचारलं नाही, त्याच्या घरच्यांना नाही. तिने कुठून तरी त्याच्या बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याचा नंबर काढला. इस्त्रीवाला म्हणाला, ताई, कपडे तर सिक्युरिटी गार्डचे येतात.

"सिक्युरिटीत वाईट काही नाही," ताई अजून सांगते. "खोटं बोलला ते वाईट. आणि नियम लक्षात ठेव. ज्याची चौकशी, त्यालाच कधी विचारायचं नाही. तीन ठिकाणी विचारायचं, तिघांची एकमेकांशी ओळख नको."

प्रितमने पहिलं ठिकाण शोधलं. अबरवेनच्या सपोर्टर्सचा फेसबुक ग्रुप होता, तिथे मार्गेड नावाची एक म्हातारी, क्लबचे कपडे वीस वर्षं धुतलेली. वेल्सची इस्त्रीवालीच म्हणा. प्रितमने लिहिलं, हा मुलगा आमच्या घरी राहतो, कसा आहे? उत्तर लगेच आलं. सोन्यासारखा मुलगा, एकशे नव्वदच्या वर मॅचेस, त्या साइटवर आमच्या लीगचं निम्मंच असतं. आणि खाली, त्याला जपा हं, खाण्यापिण्याचं बघा, तुम्ही लग्न करताय का?

प्रितमने "नाही" लिहून टाकलं. पण एवढं कौतुक बघून त्याचा संशय उलट वाढला. स्थळाच्या मावशीला विचारलं तर मावशी दुसरं काय सांगणार? दुसरं ठिकाण म्हणजे तो डाय. त्याने मेसेज वाचला, उत्तर नाही.

मग ती वही. ग्विलकडे खिशात मावणारी काळी वही असायची. कोणी आलं की मिटायचा. ऑगस्टमध्ये एका दुपारी तो आंघोळीला गेला आणि वही किचनच्या ओट्यावर राहिली. प्रितमने चोरासारखं पान उघडलं. इंग्लिशमध्ये होतं. "पी. पहाटे साडेचारला जातो. तीनला येतो. निळी गाडी. के. मंगळ-शुक्र घरी नाही." शॉवरचं पाणी थांबलं. प्रितमने वही मिटली.

तो आपल्या येण्याजाण्याची नोंद ठेवतोय!

ताईची शिफ्ट चालू होती, फोन लागत नव्हता. प्रितमने तिच्यासाठी थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. तिसरं ठिकाण उरलं होतं, रिज रोव्हर्स. त्याने क्लबच्या ईमेलवर अकराच्या अकरा मुद्दे टाकले, वहीचा बारावा जोडला. गोलचे तीन किस्से, तारखांसकट. हेडर नाही. गॉगल. नाव घेत नाही. स्टेशनवर उभा. खाली लिहिलं, तुमचा हा प्लेयर खरंच तोच आहे का याची खात्री करून घ्यावी. सेंड.

संध्याकाळी ताई आली, मास्कचे वळ गालावर. प्रितमने सगळं सांगितलं. ती चप्पल काढता काढता थांबली.

"कुठे पाठवलंस?"

"क्लबला."

"लेखी?"

"ईमेल."

"अरे गाढवा, मुलाच्या ऑफिसात कोणी चौकशी करतं का? आणि लेखी? इस्त्रीवाल्याला विचारतात, साहेबाला नाही! त्याची नोकरी खाल्लीस म्हणजे?"

"पण ताई, वहीत आपलं..."

"वहीत तुझं टाइमटेबल आहे, तुझ्या तिजोरीची किल्ली नाही. तिजोरी आहे का तुझ्याकडे?"

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी प्रितम शिफ्टवरून आला तर ग्विल किचनमध्ये उभा. गॉगल नव्हता. डोळे लाल. हातात फोन, फोनमध्ये ती लिस्ट. क्लबने नाव झाकून पाठवली होती, पण स्टेशन, निळी गाडी, पार्क... लिहिणारा दुसरा कोण असणार.

"हे तू लिहिलंस?"

प्रितमच्या तोंडात 'नाही' आलं होतं. का कोण जाणे, बाहेर 'हो' पडलं.

ग्विल दोन पावलांत त्याच्यापाशी आला आणि त्याचं कामावरचं भडक हाय-व्हिज जॅकेट छातीवर मुठीत धरलं. वेल्शमध्ये काहीतरी बोलला. मग इंग्लिशमध्ये, एकदम हळू. "तुला वाटलं मी खोटारडा आहे. त्यांच्या फिजिओने हे वाचलं, मेट. त्याला कळलं मी काय आहे."

मग जॅकेट सोडून तो खुर्चीत बसला आणि सांगितलं. वेल्समधल्या शेवटच्या सीझनला डोक्याला तीनदा लागलं होतं. एकदा दुसऱ्याच्या कपाळाशी टक्कर, एकदा गोलपोस्ट, एकदा कुणाचा गुडघा. तिन्ही वेळा तोंडावर पाणी मारलं, किती बोटं विचारलं, परत आत. तेव्हापासून उजेड सोसत नाही. नावं टिकत नाहीत. रस्ते हरवतात. त्या दुपारी स्टेशनसमोर तो कोणाची वाट बघत नव्हता, घर कुठल्या बाजूला ते आठवत होता. रोज फोनवर आई त्याला कालचा दिवस परत सांगते. वहीत पी आणि के लिहिलं, कारण सकाळी रिकामं घर बघून त्याला कळेना की इथे कोण राहतं.

"मग क्लबला कसं कळलं नाही?"

"सीझनच्या सुरुवातीला मेमरीची टेस्ट घेतात. पुढे लागलं तर तुलना करायला. मी अगदी पहिली टेस्टच मुद्दाम ढ सारखी दिली, म्हणजे पुढे फरक दिसायलाच नको." तो कसंनुसं हसला. "मुद्दाम म्हणजे, थोडीशीच मुद्दाम."

आता क्लबने कागद थांबवला होता. उद्या न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, तो लेखी देईल तरच पुढे.

"मला विचारायचं होतंस," ग्विल म्हणाला. "माझ्या दारापलीकडेच राहत होतास. वेल्सला विचारलंस, क्लबला विचारलंस, मला नाही?"

आमच्याकडे ज्याची चौकशी त्याला विचारत नाहीत, हे प्रितमच्या ओठांवर आलं. ते किती हलकट वाटेल ते त्याला बोलायच्या आधीच ऐकू आलं. पोह्यांची ती प्लेट आठवली. त्या पुणेकराला निदान समोर बसून विचारायची लाज तरी वाटली नव्हती.

"तू मला संपवलंस," ग्विल म्हणाला आणि रूममध्ये गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ताईने रात्रीचं जेवण त्याच्या दाराशी ठेवलं. प्रितमकडे बघून एवढंच म्हणाली, "उद्या सुट्टी टाक. गाडीने तू नेणार आहेस त्याला."

दुसऱ्या दिवशी अकराची अपॉइंटमेंट. रस्ते सुनसान. पुढच्या सीटवर ग्विल, मास्क, गॉगल. चौकातल्या पोलिसाने थांबवून परवानगी बघितली, जाऊ दिलं. प्रितम मनात सॉरीची जुळवाजुळव करत होता. सिग्नलला ग्विलच बोलला, अगदी मित्रासारखा.

"मेट, क्लबला कोणीतरी लिस्ट पाठवली आहे माझी. बारा मुद्दे. आतल्याच कोणाचं तरी काम आहे."

प्रितमने मान वळवून बघितलं. चेष्टा नव्हती.

"मला क्लबच्या त्या रिझर्व्ह गोलकीपरचा डाऊट येतो. पहिल्यापासून पाण्यात बघतो मला." ग्विल खिडकीबाहेर बघत म्हणाला. "नाहीतर ती... घरातली बाई. तिला मी नकोच होतो."

सिग्नल हिरवा झाला. मागे गाडी नव्हती, हॉर्न वाजवायला कोणी नव्हतं. प्रितमला वाटलं, बस्स. एवढं सोपं. काल जे झालं ते ग्विलच्या डोक्यातून पुसलं गेलंय. हा विसरलाय हे ताईला कळलं तर ती गप्प बसणार नाही, पण ग्विलपुढे निदान आज, निदान या गाडीत, तो नुसता एक चांगला माणूस होता, सुट्टी टाकून मित्राला हॉस्पिटलला नेणारा. त्याने गाडी सोडली. बोलला काहीच नाही. आपल्या त्या गप्प बसण्याचा त्याला स्वतःलाच घाणेरडा वास आला.

डॉक्टर बाई होत्या, चष्म्यावर मास्कची वाफ. सोबत एकालाच आत यायची परवानगी, केअरर म्हणजे काळजी घेणारा म्हणून. त्यांनी ग्विलला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं. ग्विलने जोर लावला. घड्याळ छान काढलं. शब्द पाचपैकी तीन आठवले. वाईट नव्हतं. त्याने प्रितमकडे बघितलं, मॅच बरोबरीत सुटल्यासारखं.

मग डॉक्टर प्रितमकडे वळल्या. "तुम्ही एकत्र राहता. पेशंटपेक्षा सोबतचा माणूस जास्त सांगू शकतो. तो गोष्टी विसरतो का? किती जुन्या?"

म्हणजे हीपण चौकशीच. फक्त ज्याची चौकशी तो समोर बसला होता आणि ऐकत होता. त्याचा कागद या एका उत्तरावर अडकलेला. प्रितम "अधूनमधून" म्हणाला असता तर बाईंनी कदाचित तेवढंच लिहिलं असतं. ग्विल जानेवारीत मैदानात असता. आणि फेब्रुवारीत कुणाचा तरी गुडघा.

"कालची," प्रितम म्हणाला.

"म्हणजे?"

तो डॉक्टरांशी नाही, ग्विलशी बोलला. "ती लिस्ट मी पाठवली. काल दुपारी किचनमध्ये मी तुला हे सांगितलं. आपलं मोठं भांडण झालं. आज गाडीत तू अंदाज बांधत होतास कोणी पाठवली याचे."

ग्विलने गॉगल काढला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण आधी भीती आली. तो आठवायचा प्रयत्न करत होता. बराच वेळ.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "नाही येत."

खेळणं बंद, त्या म्हणाल्या. स्कॅन होईल, पण स्कॅनची वाट बघायची नाही. ग्विलने विचारलं, नुसतं हेडर नाही की अजिबात नाही? अजिबात नाही. प्रॅक्टिस? नाही. कोचिंग? ते बाहेर उभं राहून करता येईल, क्लबने ठेवलं तर. क्लब नुसता कोच म्हणून ठेवणार नाही हे तिघांनाही कळत होतं. निदान दोघांना तरी.

पार्किंगमध्ये उन्हात ग्विल गाडीला टेकून उभा राहिला. मास्क हनुवटीवर.

"काल सांगितलंस म्हणतोस."

"हो."

"मग मी काय म्हणालो?"

हे कोणी तपासायला जाणार नव्हतं. जाऊ दे म्हणालास, माफ केलंस, असं काहीही सांगता आलं असतं.

"तू मला संपवलंस, असं म्हणालास," प्रितम म्हणाला. "जॅकेट धरलंस माझं. शिवी पण दिलीस, वेल्शमध्ये. ती काही कळली नाही."

ग्विलने मान हलवली. "बरोबर बोललो. आजही तेच म्हणेन."

"हं."

"आणि उद्या विसरलो तर?"

"परत सांगेन."

"शिवीसकट?"

"शिकव मग," प्रितम म्हणाला.

ग्विल हसला नाही. पण गाडीत बसल्यावर, सीटबेल्ट लावता लावता, त्याने ती शिवी दिली. सावकाश, अक्षरं सुटी करून, दोनदा.